कोरड्या रानात चार चिंचोके

दादा, काल तुमच्या नातीनं मला पोकर शिकवलं. बंगळूरहून चार दिवसांसाठी आलीय. दुपारची जेवणं झाल्यावर तिनं टेबलावर लॅपटॉप उघडला, रंगीबेरंगी चौकोनांचा एक तक्ता दाखवला आणि म्हणाली, "आई, नीट बघ हं. प्रत्येकाकडे दोन झाकलेली पानं असतात. मग मधे सगळ्यांसाठी तीन पानं उघडतात, त्याला फ्लॉप म्हणतात, आणि मागून एकेक करून आणखी दोन. खरी गंमत त्यानंतर किती लावायचं यात आहे." मी भाबडा चेहरा करून बसले. तिनं इस्पिकचा राजा, चौकटची सत्ती आणि बदामची दुर्री अशी तीन पानं दाखवून विचारलं, "इथे किती लावशील?" मी म्हणाले, "मधे बारा असतील तर चार. रान कोरडं आहे." तिनं तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरचंही म्हणणं तेच निघालं, मधल्या ढिगाच्या एक तृतीयांश. "तुला हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी, चटईवर बसून, चिंचोक्यांवर. तिचा विश्वास बसेना. तिच्या लेखी तुम्ही म्हणजे भिंतीवरच्या फोटोतले टोपी घातलेले, जरा रागीट गृहस्थ. त्या फोटोत तुम्ही रागावलेले नाही, फोटोवाल्यानं श्वास रोखून धरायला सांगितला होता म्हणून तसे दिसता, हे मी तिला किती वेळा सांगितलंय. ती आता बाहेर मैत्रिणीकडे गेलीय. घर शांत आहे, आणि तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

तेव्हा तुम्ही चिकलठाण्याच्या कारखान्यात टूलरूमला फिटर होता आणि मी शाळेत. पत्रा दाबायचा नवा प्रेस बसवायला परदेशातून एक साहेब आला होता, चांगला सहा महिने राहिला. जेवणाच्या सुट्टीत तो बाकावर वॉशर आणि नट मांडून तुम्हा चार-पाच जणांना पत्ते शिकवायचा. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला बाकी काही येत नव्हतं. तुमचं सगळं बोलणं तुमच्या दखनी हिंदीत आणि हातवाऱ्यांत चालायचं, आणि तरी प्रेस वेळेत उभा राहिला याचं कारखान्यात सगळ्यांना नवल वाटायचं. तो खेळ तुम्ही घरी घेऊन आलात. रविवारी दुपारी मटणाचं जेवण झालं की सिडकोतल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात चटई पडायची. तुम्ही, आई आणि मी. गावाकडच्या, बिडकीनजवळच्या शेताच्या बांधावर चिंच होती, तिचे चिंचोके आई धुऊन, वाळवून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. प्रत्येकाला शंभर मिळायचे. ते तुम्ही मोजायचात उर्दूत, कारण तुमच्या पहिल्या दोन इयत्ता निजामाच्या शाळेत झाल्या होत्या आणि आकडे तिथेच राहून गेले होते. मी "एक, दोन" म्हणायचे तेव्हा तुम्ही समोरून "इकत्तीस, बत्तीस" करत असायचात आणि माझी मोजणी हमखास चुकायची.

आता सांगायला हरकत नाही, पहिले दोन महिने आपण तो खेळ साफ चुकीचा खेळलो. साहेबानं शिकवला तो पोकर, पण आपल्या डोक्यात दिवाळीची तीन पत्ती पक्की बसलेली. तीन पत्तीत न बघता खेळणाऱ्यापेक्षा पानं बघून खेळणाऱ्याला दुप्पट चाल द्यावी लागते. तुम्ही त्यावरून मोठ्या तर्कानं नियम काढलात, "मधली तीन पानं समद्यांनी बघितली का नाय? मग समदेच बघून खेळायलेत. म्हंजे चाल डबल." आईला आणि मला ते इतकं पटलं की विचारायची सोय नव्हती. मग काय, आधी चार, तीन पानं उघडली की आठ, चौथ्याला सोळा, पाचव्याला बत्तीस. पान काहीही पडो, चाल ठरलेली. दोन डावांत शंभर चिंचोके संपायचे आणि आई म्हणायची, "साहेबाच्या देशात लोकांला लई चिंचोके असतील बया."

मग साहेब एका रविवारी आपल्याकडे जेवायला आला. आईनं येसराची आमटी केली होती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो वाटी पुढे करत होता. जेवण झाल्यावर तुम्ही अभिमानानं चटई टाकलीत, की बघा, माझं सगळं घर तुमचा खेळ खेळतं. पहिल्याच डावात तीन पानं उघडली, तुम्ही आठ लावले, आईनं आठ लावले, मी आठ लावले. साहेबानं खुणेनं विचारलं, आठच का? तुम्ही म्हणालात, "सबने पत्ते देखे ना साहब, तो चाल डबल." त्याला ते समजायला दोन मिनिटं लागली, आणि समजल्यावर तो असा हसला की त्याच्या चष्म्याची काडी निसटली. मग त्यानं मधल्या ढिगाकडे बोट दाखवलं, ढिगाजवळ तीन चिंचोके ठेवले, ते उचलून सहा ठेवले, ते उचलून ओंजळभर ठेवले, आणि दोन्ही हात पसरून तुमच्याकडे बघितलं. म्हणजे तुझी मर्जी. तुमचा चेहरा आधी पडला. चारचौघांत शहाणपणा दाखवून फसगत झाली की पडतो तसा. पण लगेच तुम्हाला त्यातली गंमत कळली आणि तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, "आयला! म्हंजे किती लावायचं तेच तर खरं खेळणं हाय!"

मर्जी मिळाली आणि माझं वाटोळं झालं. चाल दुप्पट होती तोवर मी निदान लपलेली होते. आता पानं चांगली आली की माझा हात आपोआप मोठी मूठ भरायचा, आणि फुटकी आली की दोन चिंचोके चोरट्यासारखे सरकवायचा. आई माझ्याकडे बघायचीच नाही, फक्त माझ्या चिंचोक्यांकडे बघायची. एकदा मधे राजा, सत्ती, दुर्री पडली. माझ्या हातात राजा आणि एक्का. जोडी जमली म्हणताच मी बारांच्या ढिगावर वीस लावले. आई म्हणाली, "हिच्याकडं खरंच हाय बरं का. ठिवा पानं," आणि तुम्ही दोघांनी पानं खाली टाकली. मला आपले मधले बारा मिळाले. मी फुरंगटून बसले. तेव्हा तुम्ही मला बोललात. चिडून नाही, पण कारखान्यात कुणी कानस उलटी धरली की तुमचा जो आवाज निघत असणार त्या आवाजात, "तू तुपल्या हातातली पानं बघून लावतीस. हातात काय हाय ते तुलाच ठाऊक, आन तू ते समद्यांला सांगून बसतीस. मधी बघ की. मधी काय पडलंय?" मी म्हणाले, "राजा, सत्ती, दुर्री." तुम्ही म्हणालात, "एकाचा दुसऱ्याशी काय संबंध हाय? नाय ना? हे कोरडं रान. इथं दुसऱ्याचं काय उगवायचं नाय. घाबरायचं काय कारण हाय मग? चार लाव. चाराला तुझी आई आली असती." आईनं डोळे न उचलता सांगितलं, "आले असते. माझ्याकडं सत्ती होती."

पुढच्याच रविवारी मी हुशारी करायला गेले. माझ्या हातात दोन गुलाम, आणि मधे बदामची नव्वी, बदामची दश्शी, किल्वरचा गुलाम. तीन गुलाम झाले! मी मनात म्हटलं, आता कुणाला कळू द्यायचं नाही, आणि बारांच्या ढिगावर मोजून तीन लावले. तुम्ही पानं टाकलीत. आई आनंदानं तीन चिंचोके टाकून आली. चौथं पान बदामची पंजी पडलं, पाचवं कामाचं नव्हतं. आईनं हातातला बदामचा एक्का आणि चव्वी उघडून मधला सगळा ढीग पदरात ओढला. या खेळात पाच बदामांपुढे माझे तीन गुलाम पगडी काढून उभे. तुम्ही कपाळाला हात लावलात, "अगं, हे ओलं रान! बदामाला बदाम, आकड्याला आकडा लागून पडलाय. ओल्या रानात समोरच्याचंबी उगवतं. त्याला पुढलं पान तीन चिंचोक्यांत काहून बघू दिलंस? इथं नऊ-दहा लावायचे. यायचं तर मोजून ये म्हणायचं." आणि मग तुम्ही जे म्हणालात ते मी पुढे नोकरीत, दरांच्या बोलण्यांत, पुरवठादारांसमोर, इतकंच काय तुमच्या जावयासमोरही वापरलं, "पानं चांगली असू दे का फुटकी, कोरड्या रानात चार म्हंजे चार, ओल्यात दहा म्हंजे दहा. मंग तुझ्या आईला कसं कळंल तुझ्याकडं काय हाय ते?" आई हसली. तिला नंतरही बऱ्याचदा कळायचंच, ती गोष्ट वेगळी.

हे सगळं तुम्हाला आठवत असेलच. पण मला तुमच्याशी बोलायचंय ते बारावीच्या निकालानंतरच्या रविवाराविषयी. काकांच्या थोरल्याचं लग्न झालं होतं. आई आणि मी लग्न उरकून परत आलो, तुम्ही मांडव, भांडी, पाहुणे यांचं निस्तरायला आठ दिवस गावीच राहिलात. त्या लग्नात देवगाव रंगारीच्या पाहुण्यांनी मला बघितलं होतं. जमीन भरपूर, मुलगा चांगला, काकांना घाई. आणि माझ्या मनात पुणं. तिथे टूल डिझाइनचा कोर्स होता. तुम्ही प्रेसच्या ज्या डाय, म्हणजे साचे, हातानं घासून जुळवायचात त्यांची ड्रॉइंगं काढायचं शिक्षण. लहानपणी तुम्ही निळ्या ड्रॉइंगची जुनी गुंडाळी घरी आणायचात, आई ती कपाटात अंथरायची, आणि मी साड्या बाजूला सारून त्यावरच्या रेघा बघत बसायचे. मला ते काढायचं होतं, दुसरं काही नको होतं. आठ दिवस मी नुसती येरझाऱ्या घालत होते. पहिला विचार होता जेवण सोडायचं. म्हणजे एकदम शंभरच्या शंभर चिंचोके मधे ढकलायचे. मग मी स्वतःलाच विचारलं, मधी काय पडलंय? देवगावकरांचा निरोप आला होता, पण तारीख नव्हती. काका आग्रहाचे होते, पण गावी होते. तुम्ही या विषयावर एक शब्द बोलला नव्हता. एकाचा दुसऱ्याशी अजून संबंध जुळला नव्हता. रान कोरडं होतं. म्हणजे चार.

तुम्ही शनिवारी आलात. रविवारी चटई पडली. तुम्ही पानं पिसत होता, लग्नातल्या आचाऱ्यानं वरणात दोनदा मीठ कसं घातलं ते आईला सांगत होता, आणि मी अगदी सहज, पापड मागावा तसं म्हणाले, "दादा, पुण्याचा एक फॉर्म आहे. नुसता भरून ठेवू का? नंबर काही लागायचा नाही." तुम्ही पिसायचं थांबलात. "कशाचा?" मी सांगितलं. तुम्ही गड्डी खाली ठेवलीत. "आन नंबर लागला तर?" मी म्हणाले, "मग बघू." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं संपलं, आता पानं टाकायची. आणि तुम्ही म्हणालात, "मग बघू काय? फॉर्म म्हंजे काय लोणचं हाय व्हय, नुसतं भरून ठिवायला? जायचं असंल तर जायचं म्हणून भर." मी म्हणाले, "आणि देवगावचे?" "त्यांला मी सांगतो. पोरगी शिकाया चालली. थांबायचं तर थांबा, नायतर दुसरी बघा. मी आयुष्यभर दुसऱ्यानं काढलेली ड्रॉइंगं वाचली. घरातलं कुणी काढणार असंल तर मला काय नको हाय?" आई इतकंच म्हणाली, "मी म्हणलं नव्हतं तुमाला, पोरगी इचारीलच म्हणून?" म्हणजे तुम्ही दोघं वाट बघत होता! मी चार लावले आणि तुम्ही चाळीस करून परत पाठवलेत. मला रडू आलं आणि त्याच तोंडानं मी हसतही होते. तुम्ही म्हणालात, "आता वाटू का पानं, का रडूनच डाव संपवतीस?"

मग तुम्ही हात धुतलेत, पाटावर फॉर्म ठेवलात आणि सही करायला बसलात. एरवी पगाराच्या कागदावर तुमची सही एका झटक्यात व्हायची. त्या दिवशी तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत, मधे आजोबांचं नावही, एक अक्षर रेघेला न लागू देता, डाय मार्क करताना धरायचात तसा श्वास धरून. खाली तारीख. मी म्हणाले, "उद्याच टाकते पोस्टात." नंबर लागला, मी गेले. काका वर्षभर तुमच्याशी बोलले नाहीत, दिवाळीला गावाहून कुणी आलं नाही. तुम्ही ते माझ्यापर्यंत कधी पोचू दिलं नाही, मला नंतर आईकडून कळलं. आणि माझं पहिलं ड्रॉइंग चिकलठाण्याच्याच एका कारखान्यात वापरलं गेलं तेव्हा तुम्ही भेटेल त्याला सांगत सुटलात. चहावाल्याला, रिक्षावाल्याला, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना, "एका सहीचं काम होतं बघा. मी सही केली, आन पोरगी गेली." तुम्ही ते इतक्या वेळा आणि इतक्या आनंदानं सांगितलंत की शेवटी दवाखान्यातल्या नर्सलाही ते पाठ झालं होतं. दर वेळी मी शेजारी उभी राहून हसायचे.

दादा, ती सही पुण्याला गेलीच नाही. फॉर्म पोचायची मुदत शुक्रवारी संपत होती आणि तुम्ही शनिवारी येणार होता. एक खराब झाला तर असावा म्हणून मी दोन फॉर्म आणले होते. पहिला मी सोमवारी रजिस्टर पोस्टानं पाठवला, आणि पालकाची सही तिथे मी केली, तुमच्या पगाराच्या कागदावरून बघून, एका झटक्यात. तुम्ही पाटावर बसून केलेली सही माझ्याजवळ आहे, अजून. आई होती तोवर तिलाही मी हे सांगितलं नाही. हे पत्र लिहून झालं की त्याच फॉर्मच्या घडीत ठेवीन, दुसरीकडे कुठे टाकणार? खोट्या सहीचं मला फारसं वाईट वाटत नाही, मुदत होती आणि तुम्ही तिथे नव्हता. वाईट याचं वाटतं की मुदत नसती तरी मी ती केली असती. गावी जाऊन तुम्हाला विचारायला एक दिवस पुरला असता, बस होती, आणि मी गेले नाही, कारण तुम्ही नाही म्हणाल असं मला पक्कं वाटत होतं. इतकी वर्षं समोरासमोर बसून खेळले, आणि तुमच्या हातात काय आहे ते मला ओळखता आलं नाही.